लेंगीतली खरखर

पुसदच्या शाम राठोडला 'कसंतरी' केलेल्या कामाची शिसारी यायची. तो शाळेची व्हॅन चालवायचा, आणि दाराचा एखादा नट जरी वाजला तरी गाडी थांबवून तो आवळायचा. म्हणून आईच्या गाण्याचं स्वतः केलेलं रेकॉर्डिंग ऐकल्यावर त्याला खरोखरच मळमळलं.

त्याची आई मोतीबाई महागावकडच्या तांड्यावर होळीला लेंगी, म्हणजे बंजारा होळीगीतं, गायची. एकदा रेडिओवाल्यांनी तिला बोलावून तिचं गाणं भरून घेतलं होतं. पुढं तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता ती शामकडेच राहायची आणि कुजबुजत बोलायची. घरात तिचं गाणं कुठंच नव्हतं. तेच जुनं गाणं रविवारी दुपारी आणि परत सोमवारी सकाळी लागणार, असं रेडिओवर सांगितलं.

रविवारी शामनं रेडिओच्या इअरफोनच्या भोकातली वायर घरच्या कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात खोचली. गाणं आलं, पण खालून सलग घुंऽऽ, आणि आईनं वरचा सूर लावला की आवाज फाटत होता. सॉफ्टवेअरनं साफ करायला गेला, तर आई माठात तोंड घालून गुळण्या करत असल्यासारखी वाटायला लागली. मेव्हणा पूनमसिंगला त्यानं ते फोनवर ऐकवलं.

"चालते नं भाऊ. टाकून दे स्टेटसले," पूनमसिंग म्हणाला.

त्या 'चालते'चीच शामला किळस आली. त्यानं फाइल पुसून टाकली.

मग रेडिओ लावून तो ती घुंघुं कुठून येते ते शोधत बसला. बायकोला, बबिताला, मोबाइल चार्जिंगला लावायचा होता. तिनं रेडिओचा अ‍ॅडॉप्टर काढला आणि घुंघुं एकदम थांबली. आत सेल होते, त्यावर रेडिओ चालूच राहिला. शामनं तो अ‍ॅडॉप्टर मेलेला उंदीर उचलावा तसा चिमटीत धरून बाजूला टाकला. लांब वायर आणून रेडिओ कॉम्प्युटरपासून दूर, खिडकीत ठेवला. वायर माइकमधून काढून शेजारच्या, जोरकस आवाज पेलणाऱ्या निळ्या लाइन-इनमध्ये घातली आणि आवाजाची पट्टी लाल होणार नाही इतकी पातळी उतरवली.

सोमवारी गाणं स्वच्छ आलं. फक्त प्रत्येक ओळीच्या शेवटी थोडी खरखर उरली होती. शामचं तोंड वाकडं झालं. ती खरखर निवडून तो पुसणार, तेवढ्यात मोतीबाईनं त्याचं मनगट धरलं.

"राहू दे ते."

"घाण लागते नं, याडी," शाम आईला म्हणाला.

"ते मशीनचं नाही. मह्या गयाचं हाय," ती गळ्याला हात लावून कुजबुजली. "तवाच सुरू झालतं. मले समजत होतं."

शामनं माउस सोडला. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी तंबाखूचं नाव घेतलं होतं. आणि आत्ता त्याच्या स्वतःच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. त्याचा रस घशाशी आला आणि त्याला ओकारी आली. मोरीत जाऊन त्यानं सगळं थुंकलं, खिशातली पुडीही फेकली.

गाणं त्यानं खरखरीसकट ठेवलं. मोतीबाई ते रोज ऐकते. शामनं चार दिवस दम काढला, मग पुन्हा टपरीवर गेला. खर्रा तोंडात टाकताना आताशा त्याला किळस येते; तरी तो टाकतोच.