ओव्हन कोणाकडे आहे?

मंडळी, दुपारपासून डोकं तापून आहे, म्हणून लिहूनच टाकतो.

माझ्या चौथीतल्या पोरीला होमवर्क होता: घरातले रोजचे पाच शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ. सध्या आमच्याकडे धानाची रोवणी चालू आहे. तिनं पऱ्हे, चिखल, टोपली, बैल, बांध असे शब्द लिहिले. पऱ्ह्यांना इंग्रजीत सीडलिंग म्हणतात, हे आम्ही दोघांनी मोबाइलवर शोधलं. केवढी खूश होती ती!

आज दुपारी पोरगी वही घेऊन बाजारात माझ्याकडे आली, पाचही शब्दांवर लाल काट. अड्याळच्या बाजारातून मी तसाच शाळेत गेलो.

"मॅडम, अर्थ चुकले काय?"

"चुकले नाहीत हो, पण हे काय शब्द आहेत? सोफा, कर्टन, ओव्हन असं काही लिहायला सांगा ना."

"आमच्या घरी नाही ते. पोरीनं खोटं कायले लिहायचं?"

"मार्क पाहिजेत ना?"

संध्याकाळी पोरीनं मॅडमचे शब्द घोकले, स्पेलिंगसकट. मग हळूच विचारलं, "बाबा, ओव्हन कसा राहते?"

मलेच माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असेल तर फोटो टाका. पोरीला तिच्या 'घरातली' वस्तू दाखवायची आहे.