दादाच्या मोबाइलवरचा इटालियन उन्हाळा

आंबा पॅक करताना हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं. त्यामुळे मिरजोळ्याच्या आमच्या शेडमध्ये किस्से पेंढ्यासारखे साचतात. झाडून काढले तरी दुसऱ्या दिवशी तेवढेच. यंदाचे सगळे इटालियन निघाले.

संदीपदादा माझा मोठा भाऊ, जहाजावर कुक. शिमग्याला घरी आला, मोटरसायकल घेऊन बाहेर पडला, तो परत आलाच नाही. त्याचा मोबाइल आता माझ्याकडे. दर रविवारी त्यावर जीनोचा व्हिडिओ कॉल येतो. जीनो जहाजावरचा त्याचा जोडीदार, हल्ली इटलीत घरी असतो. दादा गेल्याचं त्याला कुणी कळवलेलं नाही. तो विचारतो, "संदीप?" मग मी सूर्याकडे बोट दाखवतो आणि शब्द विचारतो. शिकवायला लागला की जीनो बाकीचं विसरतो.

पहिला शब्द मिळाला ‘फा काल्दो’. म्हणजे, उकडतंय. पेट्या भरणाऱ्या बापूकाकांनी तो दिवसभर इतका घोळवला, की पुण्याच्या गिऱ्हाइकाने विचारलं, "ही हापूसची नवी जात का?"

मग आला ‘ओम्ब्रेल्लोने’. समुद्रावर ओळीने रोवलेल्या मोठ्या छत्र्या, भर दुपारी त्यांच्याखाली आडवं व्हायचं. बापूकाका म्हणाले, "सावलीच हवी तर घर काय वाईट होतं?" आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर ऊन उतरल्यावर जातो, हे मी हातवारे करून सांगितलं. जीनोला वाटलं आमच्याकडे छत्र्या मिळत नाहीत. एक पाठवतो म्हणाला!

‘फेर्रागोस्तो’ म्हणजे पंधरा ऑगस्ट, सगळं बंद. बापूकाका खूश. पण झेंडा नाही, सगळं गाव समुद्रावर, हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. "निदान जिलबी तरी?"

‘बुओना एस्ताते’ म्हणजे उन्हाळ्याच्या शुभेच्छा. उन्हाळ्याच्या शुभेच्छा कोण देतं? आईला विचारलं. ती म्हणाली, "दादा द्यायचा मला, फोनवर. मला वाटायचं, काहीतरी खायचं नाव आहे."

आईने यंदा आंबा तोंडाला लावलेला नाही. दादाला आवडायचा, म्हणून सोडला.

सीझनची शेवटची पेटी घरी आणली, त्या रविवारी जीनोने पुन्हा विचारलं, "संदीप?" मी सूर्य शोधला. आभाळ भरलेलं. आईने माझ्या हातातून मोबाइल घेतला. "किती दिवस त्याला शब्दांवर ठेवशील?"

तिने आंबा कापला, एक फोड दादाच्या हार घातलेल्या फोटोपुढे ठेवली आणि मोबाइल तिकडे फिरवला.

जीनोने डोक्यावरची टोपी काढली. मग तो उठून गेला आणि ताटलीत कलिंगडाची फोड घेऊन आला. ती त्याने त्याच्या बाजूने मोबाइलपुढे ठेवली.

तो खाईना. आईही खाईना.

शेवटी आई मला म्हणाली, "त्याला सांग, नैवेद्य दाखवून झाला की खायचा असतो."

मला तेवढं येत नव्हतं. मी म्हटलं, "मान्जा." म्हणजे, खा.

जीनोने आईच्या फोडीकडे बोट दाखवलं.

आईने ती उचलली. "बुओना एस्ताते," म्हणाली, आणि खाल्ली.