टिप्याचा वाटा

काल आमच्या मुलुंडच्या घरात नात एक जुनी गोष्ट मोठ्यानं वाचत होती. गोष्टीतल्या पोराचा शिकारी कुत्रा मरतो आणि पोरगा जेवण सोडतो, इथवर आली आणि तिनं पुस्तकच मिटलं. गॅसवर मटण शिजत होतं. त्या वासानं मी कुठल्या कुठे गेले बघा.

लहानपणी एका दिवाळीच्या सुट्टीत मी कोकणात मामाकडे होते. टिप्या मामाचा शिकारी कुत्रा, पण झोपायचा माझ्या पायाशी. भातात शिरणाऱ्या रानडुकराच्या मागे मामा त्याला घेऊन गेला आणि एकटाच परतला. डुक्कर मारलं, पण त्याआधी त्यानं टिप्याचं पोट फाडलं होतं. मामाच्या गावात शिकारीतला वाटा कुत्र्यालाही मिळतो, माणसाएवढाच. टिप्याच्या वाट्याचं डुकराचं मटण पानात बांधून घरी आलं, मामीनं शिजवलं. मी ताट लोटून दिलं.

"खा गो बाय," मामा म्हणाला, "तुझ्या टिप्याचो वाटो हा. टाकलंस तर तो फुकट मेलो."

मी जेवले. रडत रडत, पण पोटभर. चव चांगली लागली, त्याचाच जास्त राग आला. कितीतरी वर्षं मला मामा दगडच वाटायचा. आता मात्र वेगळंच दिसतं. त्या दिवशी तो स्वतः पानावर बसलाच नाही. ओटीवर बसून टिप्याच्या पट्ट्यावरचं रक्त धूत राहिला, घासून घासून. पट्टा दुसऱ्या पिल्लाला लागणार होता ना.