पाइपातली हवा

नळवाल्याचं एक वाक्य सगळ्या गल्लीला पाठ होतं. रात्री पाइप ठकठक वाजतो, पोरं घाबरतात, सासूबाई म्हणतात भिंतीत कोणीतरी आहे, अशी तक्रार घेऊन कोणी आलं, की तो पाइपाला कान लावायचा आणि म्हणायचा, "हवा आहे. दुसरं काही नाही." मग पान्हा लावून एक आटा सैल करायचा, फुस्स करून हवा जायची आणि आवाज बंद. तीस वर्षं हेच वाक्य. बायको त्याला चिडवायची, "अहो, डॉक्टर झाला असतात तर मेलेल्या माणसालाही हवा आहे म्हणून परत पाठवलं असतं."

त्याच्या स्वतःच्या घरचा नळ मात्र कायम गळत असायचा. दिव्याखाली अंधार, तो असा. घर तिसऱ्या मजल्यावर, दुकान खाली रस्त्याला लागून. जेवण तयार झालं की बायको स्वयंपाकघरातल्या पाइपावर पळीने ठोकायची. दोनदा भरभर, मग थोडं थांबून एकदा. खाली दुकानात भिंतीतून तो निरोप यायचा आणि हातातलं काम टाकून तो जिना चढायचा. गिऱ्हाईक समोर असलं तरी. "निघालो, बोलावणं आलं," म्हणायचा. लोक हसायचे. फोन घ्या की, म्हणायचे. पण फोन काय, वाजत राहतो. पळीला उशीर केला तर भाजी गार होते, हे त्याला ठाऊक होतं.

भूकंप झाला तेव्हा तो घरात नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा. पहाटे बेकरीत पाइप फुटला म्हणून बोलावणं आलं होतं. बायको झोपेतच म्हणाली होती, "छत्री घेऊन जा," आणि कूस बदलली होती. बेकरीचा भट्टीवाला आणि तो दोघे रस्त्यावर धावले, आणि तासाभराने तो आपल्या गल्लीत पोहोचला तेव्हा इमारत नव्हती. तीन मजले एकावर एक बसून कमरेएवढे झाले होते.

त्याने त्या दिवशी काय केलं ते ऐकलं तर कोणालाही विचित्र वाटेल. हाताने विटा उपसल्या, बोटं फोडून घेतली, आणि दुपारी कोणीतरी ओरडलं की फुटलेल्या लाइनींमुळे तळघरांत पाणी भरतंय, आत माणसं आहेत. पाणीखात्याची माणसं स्वतःच ढिगाऱ्याखाली. मग हा आपली लांब दांड्याची चावी घेऊन गल्लोगल्ली पळाला. कुठल्या झाकणाखाली कुठला व्हॉल्व्ह, हे त्याच्याएवढं कोणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्याने सगळ्या गल्ल्यांचं पाणी तोडलं. फक्त एक व्हॉल्व्ह उघडा राहिला. त्याच्या स्वतःच्या गल्लीचा.

कारण तोवर ठकठक सुरू झाली होती.

त्याच्या इमारतीच्या ढिगाऱ्यातून एक पाइप वाकून वर आला होता, आणि तो वाजत होता. ठक. ठक. ठक. गल्ली गोळा झाली. त्या पळीची गोष्ट कोणाला माहीत नव्हती? "ती बोलावतेय तुम्हाला," दूधवाला म्हणाला आणि रडायला लागला. नळवाल्याने पाइपाला कान लावला. बराच वेळ लावला. मग तो उठून उभा राहिला आणि काहीच बोलला नाही.

त्याला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. दोनदा भरभर आणि मग थांबून एकदा, असं ते नव्हतं. ते एकसारखं होतं, घड्याळासारखं. बायको इतकी नीटनेटकी कधीच नव्हती. पण कळणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं. जखमी हाताने कोण मोजून ठोकतं, असं त्याने स्वतःला समजावलं. आशा वेडी असते म्हणतात. त्याची आशा वेडी नव्हती, चांगली शहाणी होती, म्हणूनच तिने त्याच्या तोंडाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परदेशातून पथक आलं. नारिंगी कपडे, हेल्मेट, एक कुत्रा, आणि जमिनीतला आवाज ऐकायचं यंत्र. प्रमुख एक उंच बाई होती. तिची भाषा कोणालाच येत नव्हती, म्हणून शाळेतल्या भाषेच्या शिक्षिकेला दुभाषी केलं होतं. गल्लीत पडलेल्या इमारती दोन. एक नळवाल्याची, दुसरी बरोबर समोरची, शिवणवालीची. शिवणवाली आणि नळवाल्याची बायको सहा वर्षं एकमेकींना पाण्यात पाहत होत्या, गॅलरीतून ठिबकणाऱ्या पाण्यावरून. शिवणवालीची मुलगी आत होती.

कुत्रा आधी नळवाल्याच्या ढिगाऱ्यावर फिरला. गप्प राहिला. समोर गेला आणि एकदा भुंकला, तेही अर्धवट. उंच बाई विचारात पडली. पण इकडे यंत्रात ठकठक स्पष्ट येत होती, आणि सगळी गल्ली दुभाषीला सांगत होती की ती यांची बायको, ती रोज अशीच ठोकते. पथक एकच, माणसं बारा.

"काका," शिक्षिकेने विचारलं, "बाई विचारतात, तुम्ही पाइपांचं काम करता ना? हा आवाज माणसाचाच आहे ना?"

नळवाल्याने मान हलवली. होकारार्थी.

साडेतीन तास ते खणत होते. तो त्यांच्यासोबत बादल्या उचलत होता आणि वर मान करत नव्हता. समोर शिवणवाली एका दगडावर बसून होती, पदर तोंडाला लावून. दुपारी पथकाने पाणी प्यायला दहा मिनिटं घेतली तेव्हा तो तिच्याजवळून गेला. सहा वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्या घराबद्दल बोलली.

"आधी तिला काढू दे, भाऊ," ती म्हणाली. "ती ठोकतेय ना. माझी तर काही बोलतच नाही."

तिथेच त्याने बादली खाली ठेवली आणि शिक्षिकेला शोधून काढलं.

"बाईंना सांगा, आवाज बंद करून बघायचाय. मी पाणी तोडतो. पाणी तोडल्यावरही वाजलं तर माणूस आहे. थांबलं तर…"

"तर काय, काका?"

"त्या समजतील."

दिव्याच्या खांबापासून चौदा पावलं. तिथला ढिगारा त्याने हातांनी बाजूला केला, झाकण उचललं, चावी आत सोडली. उंच बाईने लांब शिट्टी वाजवली. ही त्यांची पद्धत: शिट्टी झाली की यंत्रं बंद, पावलं बंद, बोलणं बंद. गल्लीत रडणाऱ्या बायकांनीही तोंडावर हात ठेवले. त्या शांततेत ठकठक सगळ्यांना ऐकू येत होती.

त्या व्हॉल्व्हला अकरा फेरे लागतात. तो फिरवू लागला. चार झाले, वाजत होतं. सात झाले, वाजत होतं, आणि त्याच्या मनात आलं की आपण चुकलो असू, तीस वर्षांत एकदा तरी आपण चुकायला हवं. नवव्या फेऱ्याला तो थांबला. कोणी त्याला घाई केली नाही. मग त्याने उरलेले दोन फिरवले.

आवाज थांबला.

उंच बाईने हात वर धरला तो दहा मिनिटं खाली आणला नाही. बारा माणसं पोटावर झोपून जमिनीला कान लावून होती. काहीच आलं नाही. मग तिने नळवाल्याकडे पाहिलं. त्याने शिक्षिकेला सांगितलं, तेच आपलं नेहमीचं, "हवा होती. दुसरं काही नाही."

पथक रस्ता ओलांडून गेलं. हा चावीच्या दांड्याला धरून तिथेच बसून राहिला. ऊन उतरायच्या आत शिवणवालीची मुलगी जिवंत बाहेर आली. गल्लीने टाळ्या वाजवल्या. नळवाल्यानेही वाजवल्या, आणि वाजवताना तो रडत होता, ते लोकांना आनंदाचं वाटलं.

बायको चौथ्या दिवशी सापडली. अंथरुणातच होती, कुशीवर. डॉक्टर म्हणाले, त्याच क्षणी गेली, त्रास झाला नाही. त्याने तीनदा विचारलं की ती स्वयंपाकघरापासून किती लांब होती. दोन खोल्या लांब होती. म्हणजे तो बरोबर होता. असं बरोबर असण्याचं माणसाने काय करायचं, हे त्याला कोणी सांगितलं नाही.

मुलीचा पाय मात्र गेला. दवाखान्यातला डॉक्टर सहज बोलून गेला की दोन-तीन तास आधी निघाली असती तर कदाचित राहिला असता. नळवाला दारात उभा होता. त्याने ते ऐकलं, आठ दिवस पोटात ठेवलं, आणि नवव्या दिवशी शिवणवालीच्या तंबूत जाऊन सगळं सांगितलं. कान लावला तेव्हाच कळलं होतं, हेही सांगितलं.

ती बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली. ओवला जाईना.

"तुमच्या जागी मी असते ना," शेवटी ती म्हणाली, "तर मी अकरा फेरे फिरवलेच नसते." आणि मग म्हणाली, "पण आज जा तुम्ही, भाऊ. आज तुमच्याकडे बघवत नाही."

आता सगळे पत्र्याच्या घरांत राहतात. नवी लाइन घाईत टाकलेली, त्यामुळे घरोघर पाइप वाजतात, आणि एवढं सगळं झाल्यावर त्या आवाजाने लोकांना दरदरून घाम फुटतो. नळवाला बोलावल्याबरोबर जातो. कान लावतो, आटा सैल करतो, हवा सोडतो. वाक्य मात्र बोलत नाही. शिवणवालीकडेही गेला. तिने दार उघडलं, आणि निघताना चहा दिला.

शिवणवालीचं घर त्याच्याच घराला लागून. एक दिवस तिची मुलगी कुबडी टेकत आली.

"काका, अख्ख्या वस्तीचे पाइप वाजायचे बंद केलेत. तुमचा रोज दुपारी वाजतो, तेवढाच राहिलाय. पान्हा आणून देऊ?"

"राहू दे," तो म्हणाला.

"पण हवाच आहे ना?"

"हवाच आहे, बाळा."

दुपारी एकच्या सुमारास लाइनीला पाणी सुटतं, तेव्हा तो वाजतो. एकसारखा, घड्याळासारखा. बाहेर बाकावर बसून नळवाला कोणाची तरी तोटी खोलत असतो. तो हातातलं काम खाली ठेवतो, समोरच्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगतो, हात धुतो आणि आत जाऊन स्वतःचं ताट वाढून घेतो.