सुजाताताई आणि कुटुंबप्रमुखाचा रकाना

सुजाताताईच्या कोडने एकदा एक अख्खं कुटुंब उडवलं होतं.

ती आज सकाळी गेली. कॅन्सर.
पन्नाशीही गाठली नाही बाईने.

कर्वेनगरच्या आमच्या छोट्याशा कंपनीत ती सीनियर, मी नवखी. एका धर्मादाय दवाखान्याचं सॉफ्टवेअर तिच्याकडे होतं. वर कुटुंबप्रमुखाची नोंद, त्याखाली बायको, मुलं, आईवडील.

तेव्हा फॉर्ममध्ये एक ओळ वाढवायची तर सगळं पान पुन्हा लोड व्हायचं. ताईने असं बटण केलं की पान जागचं हलायचं नाही आणि खाली नवी ओळ उघडायची. सगळ्या ऑफिसला बोलावून दाखवलं.
"मूल झालं की दाबा," म्हणाली.

व्यवस्थितपणा तर विचारूच नका. प्रमुखाची नोंद काढून टाकली की खालच्या सगळ्या आपोआप जायच्या. डेटाबेसमध्ये कचरा नको, म्हणून तिनेच केलेली सोय.

मग मार्केट यार्डातले एक हमाल वारले. क्लार्कने त्यांची नोंद काढली.

पुढच्या आठवड्यात त्यांची बायको मुलाच्या फिटच्या गोळ्या न्यायला आली, तर कॉम्प्युटर म्हणे असं कुणी नाहीच.
नोंद नाही, तर गोळ्या नाहीत.

बॅकअप कुणी घेतलाच नव्हता. अर्थात.

दवाखान्यातून फोन आला. आमचे मॅनेजर म्हणाले, "रिक्वायरमेंटमध्ये असंच होतं. तसा मेल टाका आणि मोकळे व्हा."
ताई म्हणाली, "मेल तुम्ही टाका. मी गोळ्यांचं बघते."

मला स्कूटीवर मागे बसवून ती थेट दवाखान्यात. बाई मुलाला घेऊन बाकावर बसूनच होती. ताईने क्लार्कला उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसली.

"कुटुंबप्रमुखाचं नाव?" सवयीने विचारून गेली.
"ते तर गेले की, मॅडम."
ताई म्हणाली, "तुमचं सांगा."
"माझं? वर?"
"घर कोण चालवतंय?"

बाईने पदर सारखा केला आणि पूर्ण नाव सांगितलं. खाली मुलाची ओळ उघडली. गोळ्या मिळाल्या.

परत येताना ताईने स्कूटी कडेला घेतली आणि ढसाढसा रडली.
"मी एकटी बाई घर चालवते गं. आणि मलाच हे सुचलं नाही."

दुसऱ्या दिवशी तिने ती सोय काढून टाकली. माणूस गेला तर त्याच्यापुढे तेवढी तारीख टाकायची, बाकीचे जागच्या जागी.

आज स्मशानात बुद्धवंदना झाली आणि अग्नी कोण देणार यावर काका-मामांची कुजबुज सुरू झाली. कुणीतरी पुतण्याचं नाव काढलं.

ताईची मुलगी बारावीत आहे. कुणाला न विचारता पुढे झाली.
ताईच्या आई एवढंच म्हणाल्या, "घर तिचं आहे. तीच देईल."



ताई, लेकीची काळजी करू नकोस. आम्ही आहोत.
जा तू निवांत.
जय भीम.