तोंडी परीक्षेचं चूलबंद आवतन

सुलक्षणा देवपुरातल्या कॉलेजात इतिहास शिकवते. तहांची कलमं सांगताना पोरं जांभया देतात. तिलाही येतात, ती आवरते एवढंच. पीएचडीला मात्र तिनं असा विषय घेतला की कुणाचीही झोप उडावी: खानदेशात हौसेनं काढलेल्या व्हिडिओ सिनेमांमधून गावाचा इतिहास कसा दिसतो.

तिच्या सासरी, नरडाण्याजवळच्या गावात, असा एक सिनेमा निघाला होता. लग्नाची शूटिंग करणाऱ्या हिलालनं पंचवीस वर्षांपूर्वी डाकूपट काढला. घोडे मिळेनात, म्हणून डाकू बैलगाडीतून आले. त्यांचा सरदार म्हणजे सुलक्षणाचे सासरे, सुपडू आबा. आबांनी अशी काही आरोळी ठोकली की त्यांचाच बैल उधळला. ते दृश्य कॅमेऱ्यात आलं नाही, कारण हिलाल बैलाच्या पुढे पळत होता.

सून प्रबंध लिहीत होती तोवर आबा निवांत होते. जळगावला विद्यापीठात तोंडी परीक्षा ठरली, तशी त्यांची भाकरी अर्ध्यावर आली.

"बेटा, मन्हं काम बेक्कार शे. त्यान्हामुळे तुले नापास करतीन का?"

"नाही हो आबा. परीक्षा खुली असते. कुणीही यावं, ऐकावं."

तिनं धीर द्यायला म्हटलं आणि तिथंच फसली. त्यांच्या गावात आवतनं दोन तऱ्हेची. एक, घरटी एक माणूस. दुसरं चूलबंद: घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायलाच यायचं. 'कुणीही यावं' म्हटल्यावर घरटी एकच माणूस बोलावणं आबांना कोतेपणाचं वाटलं. त्यांनी गावाला चूलबंद आवतन दिलं.

परीक्षेच्या दिवशी पुण्याहून आलेल्या परीक्षक कामिनीबाई समोर बसल्या होत्या. त्यांच्या हातातल्या प्रबंधातून पिवळ्या चिठ्ठ्या डोकावत होत्या. प्रत्येक चिठ्ठी म्हणजे एक शंका. त्या मोजल्या जाऊ नयेत म्हणून सुलक्षणा छताकडे पाहत होती, तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. सासूबाई, बेबाबाई, नवं लुगडं नेसून पुढे आणि मागे अख्खं गाव.

सुलक्षणा दाराकडे धावली. "आबा, हे काय? आणि एवढ्यांच्या जेवणाचं?"

"भरीत-पुरी मांगला टेम्पोमा शे," आबा म्हणाले.

खुर्च्या संपल्या, सतरंज्या आल्या. कामिनीबाईंनी चष्मा वर सरकवला आणि पहिलीच चिठ्ठी उपसली. "सिनेमा हा रचलेला असतो. कुणी कुठं उभं राहायचं, काय बोलायचं, सगळं आधी ठरतं. मग त्याला इतिहासाचा पुरावा कसं म्हणता?"

उत्तर तिला झोपेत येत होतं. आता जागेपणी येईना. वेळ काढावा म्हणून तिनं पडद्यावर डाकूंचा प्रसंग लावला.

आबांची बैलगाडी आली. आबांनी मिशी पिळली. पण सतरंजीवर आबांकडे बघतंय कोण?

"दखा, आपली जुनी हापशी!"

"ओ बाई, ती मन्ही माय शे! पाणी भरी राहिनी!"

"चूप बसा, परीक्षा चालू शे!" असं बेबाबाई ओरडल्या आणि पुढच्याच क्षणी, "अगं, तो मन्हा हंडा!"

आता निकाल लागला, असं सुलक्षणाला वाटलं. तेवढ्यात गलबला आपोआप थांबला. पडद्यावर हापशीपासून लांब, हंडा टेकवून, एक बाई एकटीच उभी होती.

"ती मी शे," मागून आवाज आला. कोकिळाबाई. चूलबंद आवतनात यंदा त्यांचीही चूल आली होती. "आम्हाले हापशीले हात लावाना नही, असं व्हतं. कोणी हंडामा पाणी वती म्हनीसन वाट दखत उभी शे."



कामिनीबाईंनी आबांना विचारलं, "त्यांना तिथं उभं राहायला कुणी सांगितलं होतं?"

"कोन्हीच नही," आबा खाली बघत म्हणाले. "आम्ही तर बैल सांभाळत व्हतूत."

सुलक्षणाला आता उत्तर सापडलं. "मॅडम, रचलेलं होतं ते पुढचं. डाकूंना संवाद दिले होते, मागच्या गावाला कुणी दिले नव्हते. माझा प्रबंध त्या मागच्या गावाचा आहे."

मग ती जी बोलत सुटली, ती मार्गदर्शकांनी घड्याळ दाखवल्यावरच थांबली. कामिनीबाईंनी उरलेल्या चिठ्ठ्या एकेक करून काढल्या आणि पर्समध्ये टाकल्या. "अभिनंदन, डॉक्टर," त्या म्हणाल्या. सुलक्षणानं पंख्याखालच्या खुर्चीत अंग टाकलं. कित्येक महिन्यांनी तिला खरीखुरी, मोकळी जांभई आली आणि तिनं ती आवरली नाही.

बाहेर झाडाखाली पंगत बसली. कामिनीबाईंच्या शेजारी कोकिळाबाई, आणि पाणी वाढत होत्या बेबाबाई. आबा भरीत घेऊन परीक्षकांपुढे उभे राहिले.

"मॅडम, माझं काम लई बेकार होतं. त्यापायी सुनबाईचे मार्क कापले नाहीत ना?"

"खरं सांगू आबा? तुमच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही."

आबांनी एवढा लांब सुस्कारा सोडला की हातातलं पातेलं हललं. ते जेवायला बसले. दोन घास पोटात गेले आणि त्यांचा हात थांबला.

"बेटा, कोन्हंच नही गये का ध्यान? आरोळी तरी?"

सुलक्षणानं त्यांच्या पानात भरीत वाढलं. "आरोळी आहे ना आबा, प्रबंधात. पानाच्या खाली, तळटीपेत."

"मोठी शे का?"

"अर्धं पान."

"बैलना उल्लेख शे?"

"आहे."

"मंग ठीक शे," आबा म्हणाले आणि त्यांनी आणखी एक पुरी मागितली.