एक गादी, दोन शिफ्ट

"याला नॉक्टर्नल एन्युरेसिस म्हणतात. म्हणजे झोपेत लघवी होणं," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

एवढं मलाही माहीत होतं! त्यासाठी खाडा करून, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून पार रहाटणीच्या दवाखान्यापर्यंत आलो नव्हतो. वय सव्वीस, आणि लहान पोरासारखं अंथरूण ओलं होतंय. नुसता वैताग!

महाळुंग्यात आमच्या खोलीत गादी एक आणि झोपणारे दोघं. मी डे शिफ्टला, इरफान नाइटला. मी कंपनीत गेलो की तो येऊन त्याच गादीवर आडवा होतो. म्हणून मी चादरीखाली प्लास्टिक घातलं होतं. रोज चादर धुवायची आणि बाटली सांडली म्हणायचं. इरफानला कळलं तर खोली सुटणार, कंपनीत लाइनवर चेष्टा होणार, या धास्तीने जीव टांगणीला लागला होता.

शुगर तपासली, लघवीतलं इन्फेक्शन पाहिलं. सोनोग्राफीसाठी भरपूर पाणी पिऊन लघवी धरून बसा म्हणाले. मला! बाकड्यावर पाय आवळून बसलो तेव्हा सगळ्या जगाचा राग आला. रिपोर्ट नॉर्मल आले तेव्हा तर आणखीच चिडलो. काहीच बिघडलं नाही, मग चादर ओली का?

"कामावर पाणी किती पिता?" मॅडमनी विचारलं.

"पीतच नाही. लघवीला जायचं तर जागेवर रिलिव्हर, म्हणजे बदली माणूस मागावा लागतो. लाइन लीडर म्हणतो, काय राव, परत?"

"आणि घरी गेल्यावर?"

"दोन बाटल्या. वर चहा."

"म्हणजे दिवसभर लघवी कोंडता आणि दिवसाचं सगळं पाणी झोपायच्या तोंडावर पिता. पाणी कमी म्हणून पोटही साफ होत नाही, त्याचा दाब मूत्राशयावर येतो."

दिवसा पाणी प्यायचं, ठरावीक वेळाने लघवीला जायचं, संध्याकाळचा चहा बंद. सांगायला सोपं आहे! रिलिव्हर मागितला की लीडर तोंड वाकडं करायचा. शेवटी मी म्हणालो, "मशीनला कूलंट लागतं, भाऊ, माणसाला पाणी." मध्येच पुन्हा चादर ओली झाली, तेव्हा मॅडमवरही चिडलो. "वेळ लागतो," एवढंच त्या म्हणाल्या. लागला, पण हळूहळू थांबलं. तुम्हाला हे होत असेल तर लपवत बसू नका, तपासून घ्या.

परवा सुट्टीला इरफान म्हणाला, "भावा, आता तरी ते प्लास्टिक काढ. लई वाजतं, झोप लागत नाही."

मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात."

इतके महिने तो त्या कुरकुरीवर झोपत होता, आणि बोलला नव्हता.